दिशाला का बसवलं

चौघांनी खुर्चीला हात घातला तेव्हा रुक्मिणीने दोन्ही चाकांचे ब्रेक ओढले आणि सांगितलं, खाली ठेवा. त्यांना ऐकू आलं नाही असं नव्हतं. ऐकलं, हसले, आणि दोनच मिनिटं ताई, असं म्हणत त्यांनी तिला खुर्चीसकट स्टेजच्या पाच पायऱ्या वर नेलं. वर चढवताना तिचा डावा पाय खुर्चीच्या पावठ्यावरून घसरला आणि लोंबकळत राहिला. तो हाताने उचलून तिने जागेवर ठेवला, तोवर निवेदकाने माइक हातात घेतला होता.

जय सातेरी क्रीडा मंडळाचा वर्धापनदिन होता. घाटकोपरच्या भटवाडीतल्या त्या लहानशा मैदानात तीनचारशे माणसं खुर्च्यांवर बसली होती, आणि मंडळाने रुक्मिणी घाडीचा सत्कार करायचं हे सलग तिसरं वर्ष होतं. मंडळाचे अध्यक्ष चंद्रप्रकाश राणे यांना तिने आठवड्याभरात दोनदा फोन करून नको म्हणून कळवलं होतं. आधीच्या दोन शाली प्लॅस्टिकमधून न काढता तशाच कपाटात पडल्या होत्या. निवेदक म्हणत होता की एकेकाळी कबड्डीच्या चढाईत सात-सात जणींना गारद करणारी ही आमची वाघीण, नियतीने हिचे पाय हिरावून घेतले पण चेहऱ्यावरचं हसू हिरावता आलं नाही. रुक्मिणी हसत नव्हती. पुढच्या रांगेतल्या दोन बायका डोळे पुसत होत्या.

शाल खांद्यावर पडल्यावर तिने हात पुढे करून माइक मागितला.

"मला सत्कार नको," ती म्हणाली. "मुलींच्या संघाला तीन महिने प्रशिक्षक नाही. तो संघ मला द्या."

सगळ्या मैदानाने टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शिट्टी मारली. निवेदकाने तिच्या हातातून माइक हळूच काढून घेतला, यालाच जिद्द म्हणतात असं सांगितलं आणि लहान मुलांच्या नाचाची घोषणा केली. तेच चौघे पुन्हा आले.

घरी पोचल्यावर तिने शाल आईकडे फेकली आणि ही कचऱ्यात टाक म्हणून सांगितलं. आई म्हणाली, बरं. आणि शाल कपाटात ठेवून आली.

चार वर्षांपूर्वी, मार्चमधल्या एका रविवारी सकाळी, रुक्मिणी आरे कॉलनीत धावायला गेली होती. तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. खेळणं थांबून तीन वर्षं झाली होती, पण खेळाडू म्हणून मिळालेल्या विमा कंपनीच्या नोकरीत बसून बसून अंग जड होऊ द्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. सहा किलोमीटर झाल्यावर बुटाची नाडी बांधायला ती रस्त्याकडेच्या दगडावर टेकली आणि वरून गुलमोहराची वाळकी फांदी पडली. वारा नव्हता, पाऊस नव्हता. कुणी गाडी ठोकली नव्हती. पाठीचा दहावा मणका चुरडला आणि बेंबीच्या खालचं शरीर तिचं राहिलं नाही.

हॉस्पिटलमध्ये तिच्याबरोबर व्यायामाला येणाऱ्या प्रत्येकाजवळ शिव्या घालायला कुणी ना कुणी होतं. कुणाला ट्रकवाला, कुणाला बांधकामाच्या परांचीची दोरी नीट न बांधणारा मुकादम. तिच्या वाट्याला एक झाड आलं होतं.

बाकी सगळं ती शिकली. खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत जायला शिकली. दर चार तासांनी स्वतःच नळी घालून लघवी काढायला शिकली. जे अंग दुखत नाही ते सडायला लागलं तरी कळवत नाही, म्हणून दर वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड सीटवरून उचलायला शिकली. दीड वर्षाने ती कामावर परत गेली. तिच्यासाठी टेबल तळमजल्यावर आणलं होतं. पण लोकांच्या आवाजाचं काय करायचं, ते तिला शिकता आलं नाही. सगळ्यांचे आवाज खाली आले होते. पंख्याच्या वेगावरून हमरीतुमरीवर येणारा धाकटा भाऊ निलेश आता रेग्युलेटरला हात लावण्याआधी तिला विचारायचा. जिच्याशी तिचं आयुष्यभर रोज वाजायचं ती आई आता प्रत्येक गोष्टीला बरं म्हणायची. ऑफिसात एकदा तिने मुद्दाम चुकीची फाइल पुढे पाठवली. साहेबांनी ती गुपचूप दुरुस्त केली आणि तिच्यासाठी चहा पाठवला. तो चहा तिने कुंडीत ओतला.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी ती मंडळाच्या कचेरीपुढे जाऊन थांबली. आत जायला दोन पायऱ्या होत्या, म्हणून चंद्रप्रकाश बाहेर आले. तिच्या पहिल्या मॅचपासून ते तिला ओळखत होते. ती हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा पंधरा दिवस ते तिथल्या बाकड्यावर झोपले होते. हा माणूस वाईट असता तर फार सोपं झालं असतं. ते तिला समजावत राहिले. मॅट नवी आहे, चाकांनी फाटेल. धुळीने तुला त्रास होईल. उन्हात चक्कर आली तर तुझ्या आईला काय तोंड दाखवू. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

"तू नुसती येऊन बस गं," ते म्हणाले. "तुला बघूनच पोरींना बळ येतं."

"मला बघायला बोलावत नाहीये मी त्यांना, चंदूभाऊ. माझं ऐकायला बोलावतेय."

ते पुन्हा मॅट फाटेल यावर आले.

परत येताना तिचे तळहात चाकांवर घासून लाल झाले होते. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तिच्या एक गोष्ट लक्षात आली. भरल्या डोळ्यांनी नाही म्हणणारा माणूस तिला हाकलून देऊ शकणार नव्हता. चंदूभाऊच काय, अख्ख्या भटवाडीत कुणीच तिला इथून जा असं म्हणू शकणार नव्हतं. चार वर्षं ज्या मऊपणाने तिचा जीव नकोसा केला होता, तो पहिल्यांदाच तिच्या कामाला येणार होता.

सोमवारी सकाळी साडेसहाला ती मैदानात हजर झाली. मुलगे सातनंतर मॅटवर खेळायचे. मुलींसाठी भिंतीजवळची मातीची जागा होती आणि कोपऱ्यातल्या खांबावर एक दिवा. अकरा मुली कोंडाळं करून मोबाइल बघत उभ्या होत्या. रुक्मिणीने त्यांना मोबाइल पिशव्यांत टाकायला लावले, आणि मग खुर्चीची पुढची चाकं मातीत रुतायला लागली तेव्हा मांडवाचे दोन जुने प्लायवूड उचलून आणायला लावले. त्या प्लायवर बसून तिने पहिल्या दिवशी मुलींकडून नुसती पावलं टाकून घेतली, पाऊण तास. एकीने दमले म्हटलं. रुक्मिणी म्हणाली, दम.

बसल्या जागेवरून तिला खेळ वेगळा दिसत होता. तिची नजर उभ्या मुलींच्या कमरेच्या उंचीवर यायची. चढाई करणारी पायांनी हजार हुलकावण्या देते, पण तिला खरंच जिकडे जायचं असतं तिकडे कंबर अर्धा क्षण आधी वळते. वीस वर्षं खेळूनही हे रुक्मिणीला इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. पायांकडे बघू नका, कमरेकडे बघा, ती सांगायची. महिन्याभरात तिच्या पोरींच्या पकडी बसायला लागल्या.

चंद्रप्रकाश तिसऱ्या दिवशी येऊन लांब उभे राहिले आणि न बोलता गेले. डिसेंबरात फळ्यावर तिचं नाव आलं. पुढे मानद मार्गदर्शक असं लिहिलं होतं. तिने एका मुलीला मानद पुसायला सांगितलं आणि मार्गदर्शकच्या जागी प्रशिक्षक लिहायला लावलं. त्या दिवसांत ती गजर वाजायच्या आधी जागी व्हायची, आणि उठल्या उठल्या पहिला विचार स्वतःच्या पायांचा नसायचा. डाव्या कोपऱ्यात कुणाला उभं करायचं, याचा असायचा.

संघात सगळ्यांत चांगली चढाई दिशाची होती. सोळा वर्षांची, अकरावीतली, काटकुळी पोर. रुक्मिणी ताकदीवर खेळायची. ही थांबण्यावर खेळायची. मध्यरेषेपलीकडे जाऊन ही पोर अशी निवांत उभी राहायची की समोरच्या सातजणींचा धीर सुटायचा. दिशाची आई जयंती शाळेत असताना रुक्मिणीच्याच संघात डावा कोपरा सांभाळायची. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं आणि खेळ संपला. आता ती चार घरी पोळ्या करायची. तिच्या मनात काय आहे ते तिने रुक्मिणीला एकदाच सांगितलं होतं: खेळावर तुला नोकरी लागली तशी हिला लागायला हवी. जानेवारीच्या शेवटी मुलुंडला स्पर्धा होती, आणि तिथे उपनगर जिल्ह्याचा मुलींचा संघ निवडणारी माणसं येणार होती.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी सराव सामना लांबला. दुसऱ्या मंडळाच्या मुली उशिरा आल्या, दोनाचे तीन डाव झाले. मंडळाच्या संडासाला उंबरा होता आणि दार अरुंद होतं, त्यामुळे रुक्मिणी घरून निघताना पाण्याचा घोटही घेत नसे. त्या दिवशी मात्र थंडी म्हणून तिने चहा घेतला होता. शेवटच्या डावात तिला कळलं नाही. कळण्यासारखं काही उरलंच नव्हतं. प्लायवर ओल पसरलेली तिला आधी दिसली, मग समोरच्या मुलींच्या नजरा दिसल्या.

दिशा खेळ सोडून धावत आली. तिने आपलं ट्रॅकसूटचं जॅकेट काढून रुक्मिणीच्या मांडीवर पसरलं, गुडघे टेकून बसली आणि तिचा हात हातात घेतला.

"ताई, काही झालं नाही," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. "मी आहे ना."

तो आवाज रुक्मिणी ओळखत होती. ती चार वर्षं तोच ऐकत होती. तिने हात सोडवून घेतला आणि दिशाला सांगितलं, तुझी चढाई आहे, जा.

घरी जाऊन तिने ते जॅकेट तीनदा धुतलं. आईने हात पुढे केला तेव्हा तिने बादली आपल्याकडे ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी घडी घातलेलं जॅकेट तिने दुसऱ्या एका मुलीच्या हाती दिशाकडे पाठवलं.

त्यानंतर सराव पूर्वीसारखाच चालू होता. फक्त रुक्मिणी दिशाला नावाने हाक मारेनाशी झाली. ए, तू, किंवा चढाईवाली, असं म्हणायची. दिशाची पकड झाली की मैदानाला दोन जास्तीचे फेरे द्यायची. शिस्त लागली पाहिजे, ती चंद्रप्रकाशांना म्हणाली. ते म्हणाले, तू म्हणशील तसं.

मुलुंडच्या स्पर्धेत उपांत्य सामना पाच वाजता होता. चार वाजता हजर राहायचं, उशीर करणारी बाहेर, हा नियम तिने आठवडाभर आधी सांगितला होता. दहा मुली आल्या. चारला पाच मिनिटं असताना रुक्मिणीचा फोन वाजला. पडद्यावर दिशाचं नाव होतं. ते वाचून तिने फोन मांडीवर पालथा ठेवला. चार वाजून पाच मिनिटांनी तो पुन्हा वाजला आणि वाजून थांबला. चार वीसला दिशा घामाने निथळत आली. कॉलेजात प्रॅक्टिकल होतं, ते लांबलं, रिक्षा मिळाली नाही, असं काहीतरी ती सांगत होती. रुक्मिणीने यादीवरची नजर वर केली नाही. तू आज बसायचंस, एवढंच म्हणाली.

दिशा मैदानाच्या कडेला चाळीस मिनिटं बसून राहिली. संघ तीन गुणांनी हरला. निवड समितीच्या दोघांनी वह्या मिटल्या, दोघी-तिघींची नावं टिपून घेतली होती ती घेऊन गेले.

परतताना चंद्रप्रकाश म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. तू एवढं करतेस हेच खूप आहे."

तिने खुर्ची इतक्या जोरात वळवली की मागून येणाऱ्या मुलीच्या नडगीला पावठा लागला. संघ हरला होता. तिच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याला चंदूभाऊंनी अख्ख्या मैदानासमोर झापलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जयंती आली. रुक्मिणीचं घर इमारतीच्या तळमजल्यावर होतं. जयंती दारातच उभी राहिली, पदराला पुसलेलं हातांचं पीठ तसंच दिसत होतं.

"दिशाला का बसवलंस?"

"वीस मिनिटं उशिरा आली. नियम सगळ्यांना सारखा."

"प्रॅक्टिकल होतं तिचं. दोनदा फोन केला तिने तुला. उचललास?"

रुक्मिणीने डावा पाय हाताने उचलून पावठ्यावर नीट ठेवला.

"उचललास का, ते सांग."

"मॅच तोंडावर आली होती."

"फोन तुझ्या मांडीवर होता, रुक्मी. पोरींनी बघितलं."

आतून रुक्मिणीची आई लगबगीने आली. अगं जयंती, हळू बोल, ती म्हणाली, तिची अवस्था तरी बघ.

"अवस्था काय बघू, मावशी?" जयंती म्हणाली. "संघ कुणी निवडला? अवस्थेने, की हिने?"

रुक्मिणीने आईला आत जायला सांगितलं आणि खुर्ची दारात घेतली. मग दोघी भांडल्या. जिन्यावर माणसं जमली, वरच्या गॅलऱ्यांतून डोकी बाहेर आली. जयंती म्हणाली, पोरीचं एक वर्ष तू खाल्लंस. रुक्मिणी म्हणाली, शिस्त नसलेली पोर पुढे जाऊन तोंडावर आपटते. जयंतीने विचारलं, तू कधी उशिरा आली नाहीस का, दोन हजार पाचच्या फायनलला आपले कोच पाटपरुळेकर सर तुझ्यासाठी अर्धा तास थांबले होते ते विसरलीस? रुक्मिणी ओरडली की ते वेगळं होतं. जयंती तिच्याहून मोठ्याने ओरडली, काय वेगळं होतं? रुक्मिणीचे कान गरम झाले होते. छातीत काहीतरी मोकळं होत चाललं होतं. चार वर्षांत तिच्यावर कुणी आवाज चढवला नव्हता, आणि तिला भीती वाटली की जयंती मध्येच थांबेल. ती मुद्दाम एकेक शब्द फेकत राहिली.

जयंती थांबली, पण वेगळ्याच कारणाने. ती दोन पावलं पुढे आली आणि एकदम खालच्या आवाजात बोलली, जमलेल्यांना ऐकू जाऊ नये असं.

"त्या रविवारी पोरीने तुझ्यावर जॅकेट घातलं. तेव्हापासून तू तिचं नाव घेत नाहीस. मला दुसऱ्या पोरींकडून कळलं. दिशाने आजवर घरी तोंड उघडलेलं नाही. झाडावर राग काढता येत नाही ना, म्हणून माझ्या पोरीवर काढलास तू."

जयंती वळली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेली.

आई पाण्याचा पेला घेऊन आली. मनावर घेऊ नकोस, ती म्हणाली, तिला काय कळतंय.

"सगळं कळतंय तिला," रुक्मिणी म्हणाली.

ती पाणी प्यायली नाही. जेवायलाही बसली नाही. निलेशने दोनदा विचारलं. तिने फोन काढून त्या दिवशीचे न घेतलेले दोन कॉल बघितले, वेळा वाचल्या आणि मग वही मागून घेतली. निवड समितीला तिने पानभर पत्र लिहिलं. खेळाडूने वेळेत कळवायचा प्रयत्न केला होता, प्रशिक्षक म्हणून मी फोन घेतला नाही, तिला न खेळवण्याचा निर्णय चुकीचा होता आणि तो माझा होता. स्वतःच्या अपघाताबद्दल तिने त्यात एक अक्षरही लिहिलं नाही. सकाळी पत्राचा फोटो पाठवला. दुपारी उत्तर आलं की यादी लागलेली आहे, आता काही करता येणार नाही.

ऑफिसातून परतताना तिने खुर्ची घराकडे न वळवता टेकडीकडे वळवली. जयंतीचं घर वर वस्तीत होतं, चाळीस-पंचेचाळीस पायऱ्या चढून. पायथ्याशी थांबून तिने जयंतीला फोन केला. जयंतीने कापला. पुन्हा केला, पुन्हा कापला. नळावर हंडा भरणाऱ्या सुंदराबाईंना तिने सांगितलं, दिशाला हाक मारता का. सुंदराबाईंनी मान वर करून खणखणीत हाक मारली.

दिशा निम्म्या पायऱ्या उतरून आली आणि तिथेच उभी राहिली. वर कठड्याला धरून जयंती उभी होती. रुक्मिणीला मान वर करून बोलावं लागत होतं आणि आवाज मोठा ठेवावा लागत होता. नळावरच्या बायका पाणी भरायचं थांबवून ऐकत होत्या.

"तुझा फोन मी बघितला होता," ती म्हणाली. "नाव वाचून पालथा ठेवला. चूक तुझी नव्हती. माझी होती."

दिशाने विचारलं, "का?"

"तू मला सांभाळायला आलीस म्हणून."

दिशाच्या कपाळावर आठी पडली.

"मग मी काय करायला पाहिजे होतं, ताई? तसंच बघत उभी राहू?"

रुक्मिणी म्हणाली, "माहीत नाही. तू केलंस तेच, बहुतेक. मलाच ते घेता आलं नाही."

"आता निवड होईल माझी?"

"यंदा नाही. मी पत्र दिलं, त्यांनी नाही म्हटलं. पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी माझी बारावी आहे."

"हो."

दिशा रडली नाही. मला तुझा खूप राग आलाय, ती म्हणाली. रुक्मिणी म्हणाली, येऊ दे. अजून गेला नाही, दिशा म्हणाली. रुक्मिणीने मान हलवली. उद्या येशील का, हे विचारायचं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. ते तिने गिळलं. दिशा वळून पायऱ्या चढून गेली. जयंती तिच्या मागोमाग आत गेली.

सकाळी साडेसहाला दहा मुली होत्या. रुक्मिणीने पावलं सुरू केली. दहा मिनिटांनी फाटकातून दिशा आली, आणि तिच्यामागून जयंती, खांद्याला कामाची पिशवी. दिशा कुणाकडे न बघता रांगेत उभी राहिली. जयंती सरळ भिंतीशी असलेल्या कट्ट्यावर, प्लायवूडच्या अगदी पुढ्यात येऊन बसली.

रुक्मिणीने विचारलं, कामाला नाही का जायचं आज.

"आठला जायचंय," जयंती म्हणाली. "तोवर बसणार. तू काय शिकवतेस ते बघणार. रोज बघणार."

"बघ."

डाव सुरू झाला. दिशा चढाईला गेली, थांबली, उजवीकडे झुकली आणि पकडली गेली.

"दिशा," रुक्मिणी म्हणाली, "कंबर आधी वळली. परत कर."

दिशाने रागाने तिच्याकडे बघितलं. परत गेली. या वेळी ती इतका वेळ थांबली की समोरची एकजण चुळबुळली, आणि दिशा तिच्या गुडघ्याला हात लावून परत आली. रुक्मिणीने चांगलं म्हटलं नाही, दुसरीला पुढे बोलावलं.

"डावा कोपरा उघडा पडतोय तुझा," जयंती कट्ट्यावरून म्हणाली.

"दिसतंय मला."

"दिसतंय तर बोल की तिला."

रुक्मिणी बोलली. कोपऱ्यातली मुलगी दोन पावलं मागे सरकली. पुढची चढाई सुरू व्हायच्या आधी रुक्मिणीने वाकून बघितलं, मग जयंतीला म्हणाली, जरा बाजूला हो, मध्यरेषा झाकली आहेस.

जयंती जागची हलली नाही.

"तूच सरक," ती म्हणाली. "चाकं तुला आहेत."

मैदानातल्या एका मुलीने तोंडावर हात नेला. दिशा आपल्या आईकडे बघत होती.

रुक्मिणीने चाकांना हात घातला, खुर्ची हातभर पुढे घेतली, आणि शिट्टी वाजवली.